नमुन्याचं गाव

सगळं भांडण सुरू झालं ते बोटावरून. मुख्य साहेबांचं बोट जाड होतं आणि पुण्याहून आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांचं बारीक. हिवतापानं पोरांची पाणथरी सुजते, डाव्या बरगडीखाली ती हाताला लागते, आणि किती सुजली ते बोटांनीच मोजतात: एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. तेव्हा एकाच पोराची पाणथरी सकाळी दोन बोटं भरायची आणि दुपारी तीन. पोर तेच, पोट तेच. यावर वेल्ह्याच्या बंगल्यात मंडळाची बैठक बसली, चहाच्या तीन फेऱ्या झाल्या आणि ठराव झाला की, प्रमाण बोट निश्चित करण्यासाठी एक उपसमिती नेमावी. मी कारकून. ठराव मी लिहिला आणि हसू आवरेना म्हणून दौत भरायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

तेव्हा भोरला संस्थान होतं आणि वेल्ह्याकडचा मुलूख इंग्रजी इलाख्यात होता. मधल्या ओढ्यानाल्यांतून हद्द जायची. ती पटवाऱ्याला ठाऊक होती, डासाला नव्हती. म्हणून दोन्ही मुलखांतल्या हिवतापाचा मिळून शास्त्रीय अभ्यास करायचा, असं कुणीतरी कुठंतरी ठरवलं आणि हे पाहणी मंडळ जन्माला आलं. संस्थानकडचे तक्ते मोडीत यायचे, इलाख्याकडचे इंग्रजीत, आणि खेड्यात वाचून दाखवायचे कागद बाळबोधीत लागायचे. मला तिन्ही येत होत्या, मी भोरचाच, मॅट्रिक झालेला आणि घरी बसलेला. त्यामुळं माझी नेमणूक झाली. हुद्दा कारकून, पण दुभाषा, टपाली, सामानवाला आणि साहेबांच्या कोंबडीचा बंदोबस्त करणारा, सगळं मीच.

मंडळात पाच कचेऱ्यांचे अकरा विद्वान होते आणि प्रत्येकाचं काम वेगळं. कोणी पाऊस मोजायचे, कोणी माती पुड्यांत भरून न्यायचे. डासवाले साहेब डोक्यावर टोपडं घालून हातात लांब दांड्याची पळी घेऊन प्रत्येक डबक्यापाशी वाकायचे, पळीभर पाणी काढायचे, निरखायचे आणि परत ओतायचे. गुंजवण्याच्या बायकांनी पहिल्या दिवशी त्यांना वाट करून दिली. म्हणाल्या, बामणाची संध्या चाललीय. दुसऱ्या दिवशी त्यांना शेणाच्या डबक्यावर वाकलेलं पाहिलं तेव्हा मात्र त्यांचा विश्वास उडाला.

सगळ्यांत वरचढ आकडेवाले. त्यांना माणूस दिसायचाच नाही, रकाना दिसायचा. पहिल्याच महिन्यात त्यांनी आकांत मांडला, कारण एकाच वाडीचे तीन तक्ते आले आणि तिन्हींत घरांचा आकडा वेगळा. मी समजावायला गेलो. मोजणाऱ्या एकानं घरं मोजली होती, दुसऱ्यानं उंबरे आणि तिसऱ्यानं चुली. एका छपराखाली दोन उंबरे असतात, एका उंबऱ्याआड तीन भावांच्या तीन चुली असतात, आणि भावाभावांचं फाटलं की महिनाभरात चौथी पेटते. आकडेवाले म्हणाले, चुली स्थिर ठेवायला सांगा. मी म्हटलं, सांगतो. काय सांगणार होतो, कपाळ? जावाजावांना जाऊन सांगू, की अहवाल होईस्तोवर भांडू नका?

आणि बैठका. अहो, किती बैठका! शिवऱ्याच्या हमरस्त्यावर मोटारीची वाट बघण्यात आणि बैठकीचा वृत्तांत लिहिण्यात माझी निम्मी उमर गेली असं वाटायचं. हिवतापावर दोन बैठका झाल्या असतील. अहवालाच्या पहिल्या पानावर कुणाचं नाव कुणाच्या वर यायचं, यावर पाच झाल्या.

आता मुद्द्याचं. सात गावं निवडली होती. सहा गावांत पावसाळाभर कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, गोळ्या वाटायच्या आणि सातव्यात काहीच द्यायचं नाही. ज्येष्ठात सगळ्या पोरांच्या पाणथऱ्या मोजायच्या, पौषात पुन्हा मोजायच्या, आणि गोळीनं काय फरक पडतो ते सातव्या गावाशी ताडून पाहायचं. पद्धत खोटी नव्हती, शास्त्रात तसं करावंच लागतं. त्या सातव्या गावाला इंग्रजीत कंट्रोल म्हणत होते. पुढं लढाईत रेशनिंगच्या पायी हा शब्द पोरासोरांच्या तोंडी बसला. तेव्हा तो आमच्याकडं कुणी ऐकलेलाही नव्हता. मुख्य साहेबांनी मला फर्मावलं की, याचं सोप्या मराठीत काहीतरी करा, पत्रक गावच्या चावडीवर लावायचंय.

मी आधी लिहिलं, ताब्यातील गाव. साहेब भडकले, म्हणाले, दरोडेखोरांचं गाव आहे का? मग लिहिलं, तुलनेचे गाव. डासवाले म्हणाले, कुणब्याला कळायचं नाही. तिसऱ्यांदा मी लिहिलं, नमुन्याचे गाव. सगळ्यांना आवडलं. मुख्य साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मी चार दिवस फुगून फिरलो. आज तो फुगलेला मी आठवला की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

सातवं गाव इलाख्याच्या बाजूचं, डोंगराच्या कुशीतलं, चाळीसेक चुलींचं. नाव सांगत नाही. तिथल्या पाटलांनी माझ्या तोंडून पत्रक ऐकलं, शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली: ‘या नमुन्याच्या गावाने आपल्या नेहमीच्या रीतीत कोणताही बदल करू नये.’ पाटील साठीचे, उंच, कमी बोलणारे. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि गावाकडं असं पाहिलं, की जणू ते आत्ताच कुणी त्यांना बक्षीस दिलं होतं. माझ्या ध्यानात आलं नाही. पुढच्या खेपेला गेलो तर चावडीला चुना दिलेला, दाराला आंब्याचं तोरण, आणि भिंतीवर गेरूनं हातभर अक्षरांत लिहिलेलं: नमुन्याचे गाव.

मी कपाळाला हात लावला. नमुनेदार, आदर्श, बाकीच्यांनी बघून शिकावं असं गाव; त्यांनी हा अर्थ घेतला होता. घेणारच. सरकारनं सात गावांतून एक निवडलं, त्याला नाव दिलं आणि वर सांगितलं की तुम्ही आहात तसेच राहा. याहून मोठी शाबासकी कोणती? त्यात गोळ्या कडूजहर, खाल्ल्या की कानात भुंगे घुमायचे. बाकीच्या सहा गावांना ही शिक्षा आणि आपल्याला माफी, हा तर उघड मान होता. शेजारच्या गावच्या पाटलांनी मंडळाकडं अर्ज केला, की आमच्या गोळ्या परत घ्या आणि आम्हालाही नमुना करा. अर्ज मीच इंग्रजीत केला. साहेब लोक तासभर हसले.

मला तेव्हाच पाटलांना खरं सांगता आलं असतं. मी मुख्य साहेबांना विचारलं. ते म्हणाले, गैरसमज आपल्या सोयीचा आहे, असू दे. सोयीचा म्हणजे किती, ते मला हळूहळू कळलं. पाटलांनी नेहमीची रीत अशी काही सांभाळली की ज्याचं नाव ते. ओढ्याचं तुंबलेलं पाणी कुणी काढून द्यायचं नाही, कारण ते नेहमी तुंबतं. भोरच्या पोस्टात कोयनेलची पुडी मिळायची, एरवी गावातलं कुणी अडल्यानडल्याला आणायचं, तीही बंद. एकानं पोरासाठी चोरून आणली तर त्याला चावडीत उभं करून पुडी ओढ्यात सोडायला लावली. गावाचा नमुना मोडतो म्हणाले. डासवाले साहेब तुंबलेलं पाणी पळीनं काढून बघायचे आणि खूश होऊन म्हणायचे, असं गाव जगात सापडणार नाही.

भाद्रपदात पाटलांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर ओढ्यापल्याड, संस्थानात, आमच्या सहा गोळ्यांच्या गावांपैकी एक. वयानं एकोणीस-वीसची, हसरी. मी गावात गेलो की जेवायला पाटलांकडंच असायचो, आणि ती दादा म्हणून वाढायची. भाकरी संपायच्या आत दुसरी ताटात. येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच तिला दिवसाआड थंडी वाजून ताप यायला लागला. सासरी गोळी चालू होती, इथं बंद पडली. तापाच्या चौथ्या पाळीला मी गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, पायांवर सूज, ओठ पांढरे. भाकरी आईनं वाढली.

पाटलीणबाई एरवी माझ्यापुढं यायच्या पण बोलायच्या नाहीत. त्या दिवशी मी हात धुवायला परसात गेलो तेव्हा तांब्या हातात घेऊन उभ्या राहिल्या आणि खाली बघत म्हणाल्या, “भाऊसाहेब, नमुन्यात पोटुशी बाई बी धरत्यात का?”

मी म्हटलं, विचारून सांगतो. त्या मान हलवून आत गेल्या. पाटलांना त्यांनी आधीच विचारलं होतं, हे मला मागाहून कळलं. पाटील म्हणाले होते, मी दुसऱ्याच्या पोराची पुडी ओढ्यात टाकली, आता माझ्या लेकीला कोणत्या तोंडानं देऊ?

मी वेल्ह्याला येऊन साहेबांकडं लेखी अर्ज केला, की नमुन्याच्या गावातल्या एका गरोदर बाईला औषध देण्याची परवानगी मिळावी. मुख्य साहेब वाईट नव्हते. वाचून हळहळले. पण मंडळ पाच कचेऱ्यांचं, एकट्यानं कसं ठरवणार? कागद फिरला. दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलं, हरकत नाही. डासवाल्यांनी लिहिलं, विषय माझ्या कक्षेबाहेरचा. आकडेवाल्यांनी लाल शाईत लिहिलं, एक अपवाद म्हणजे सगळा तक्ता नासला. अखेर शेरा आला, की हा विषय पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. पुढील बैठक दिवाळीनंतर होती. तिचं पोट काय बैठकीची वाट बघत थांबणार होतं?

मला राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. नोकरी गेली तर पुन्हा घरी बसायचं होतं. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी चालत गेलो, पाटलांना खळ्यावर गाठलं आणि त्या शब्दाचा अर्थ सांगितला. गाव मानाचं म्हणून निवडलेलं नाही. इतरांना औषध देऊन काय होतं ते कळावं, म्हणून तुम्हाला न देता ठेवलंय. शब्द माझा होता, चुकला.

पाटलांनी हातातलं दावं गुंडाळलं, मग म्हणाले, “म्हंजी आमच्यातलं कोण पडतंय आन् किती पडतंय, ह्ये मोजाया आमाला रिकामं ठिवलं. आसंच ना?”

“तसंच.”

मला वाटलं, आता शिव्या घालतील, चावडीवरची अक्षरं पुसतील. काहीच नाही. त्यांनी दुपारी गावकी बसवली, काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दोन गडी भोरला गेले आणि पोस्टातून धोतराच्या सोग्यात बांधून कोयनेल आणलं. पुढं दर बाजाराला आणत राहिले. मी पाटलांना अक्षरांचं विचारलं, तर म्हणाले, ती ऱ्हाऊ द्या, सायेब बगाया येत्यात. सबंध गावानं, कान घुमले तरी चकार शब्द न काढता, पाटलांच्या धाकानं रोज पुडी घेतली. तुंबलेलं पाणीही गुपचूप काढून दिलं. डासवाले यायच्या आदल्या दिवशी लोक ते पुन्हा अडवायचे. पाटलांची लेक चार दिवसांत उठून बसली. कार्तिकात सुटली, मुलगी झाली. मला बोलावून घुगऱ्या दिल्या. त्या दिवशी मी इतका आनंदात होतो की, मंडळ गेलं खड्ड्यात, असं मोठ्यानं म्हणत वेल्ह्याला आलो.

मंडळ खड्ड्यात जाणार नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. पौषात दुसरी मोजणी झाली. आता गंमत बघा. सहा गावांत लोकांनी गोळ्या निम्म्या थुंकल्या होत्या, निम्म्या म्हशींना पेंडीतून चारल्या होत्या, कारण तिथं धाक कुणाचाच नव्हता आणि वाटणारा शिपाई गोळी हातावर ठेवून पुढं सरकायचा. पाणथऱ्या थोड्याबहुत उतरल्या होत्या. आणि नमुन्याच्या गावात? पोरांची पोटं सपाट. जाड बोट चालवा नाहीतर बारीक, हाताला काही लागेना. आकडेवाल्यांनी तीनतीनदा बेरजा केल्या आणि निष्कर्ष काढला: जिथं औषध दिलं नाही तिथंच ताप सर्वांत जास्त उतरला, तेव्हा तो आपोआप उतरतो, कोयनेल वाटपाचा उपयोग नाही.

हा निष्कर्ष पाचही कचेऱ्यांच्या सह्यांनिशी माझ्यापुढं मराठी करायला आला तेव्हा मी हबकलो. दुसऱ्या दिवशी मुख्य साहेबांपुढं जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. शब्द, पाटील, पोस्टातल्या पुड्या, काही मागं ठेवलं नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“याची कुठं नोंद आहे?”

“नाही साहेब.”

“मग ते मंडळाला माहीत नाही.” अहवालावर हात ठेवून म्हणाले, “आणि तुम्हालाही नाही. अहवालाला पाच सह्या झाल्यात. त्या पुन्हा गोळा करायला दोन वर्षं लागतील.”

मी मूग गिळून बाहेर आलो. इथं मी चुकलो. पहिल्या खेपेला चुकलो तो शब्द न कळल्यामुळं. या खेपेला सगळं कळत होतं. वर्तमानपत्रात लिहायला हवं होतं, संस्थानच्या दरबारात अर्ज करायला हवा होता. मी अहवालाचं मराठी करत बसलो.

नावांच्या क्रमापायी तो छापायला उशीर झाला. पुढच्या पावसाळ्यात सहा गावांना गोळ्या आल्याच नाहीत, आणि का आल्या नाहीत हे सांगणारा कागद आला आश्विनात. तो गावोगाव वाचायचं काम माझ्याकडं होतं. ओढ्यापल्याडच्या, पाटलांच्या लेकीच्या सासरच्या गावात चावडीपुढं तीसेक माणसं जमली. संस्थानचे तलाठी माझ्या शेजारी बसले होते. मी वाचलं, की शास्त्रीय पाहणीअंती कोयनेलच्या गोळ्यांचा उपयोग नाही असे दिसून आल्याने वाटप बंद करण्यात येत आहे.

माणसं पांगायला लागली तेव्हा पाटलांची लेक मुलीला कडेवर घेऊन पुढं आली. वाळली होती. मला बघून हसली मात्र तशीच. मग हळूच विचारलं, “गावानं गोळ्या थुकल्या म्हून बंद केल्या व्हय, दादा? म्या एक बी थुकली न्हाई.”

मी मुलीला घ्यायला हात पुढं केले. अंग तापलेलं होतं. वर्षभर साहेबांचं बघून बघून माझ्याही हाताला सवय झाली होती; बोटं आपोआप डाव्या बरगडीखाली गेली. दोन बोटं भरली, चांगली टणक.

मी तिच्या सासऱ्यांना म्हटलं, उद्याच भोरला माणूस पाठवा, पोस्टातून कोयनेल आणा, पोरीला पाव पाव पुडी मधातून द्या. सासरे भला माणूस. ते गोंधळून माझ्याकडं बघायला लागले.

“आत्ताच तुमी वाचलंत न्हवं, भाऊसाहेब, उपेग न्हाई म्हून? का सरकार खोटं लिवतंय?”

पांगणारी माणसं थांबली. तलाठ्यांनी मान वर केली. पाटलांची लेक मुलीकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, “नाही, खोटं कसं असेल?”

तिनं माझ्या हातातून मुलगी घेतली, अंगावर पदर ओढला आणि घराकडं गेली.